मोडली तेव्हा नाव निघालं

आरमोरीच्या बाजारात जिशानचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं आणि दारावर पत्र्याची पाटी होती, 'येथे रॅकेटची गटिंग करून मिळेल.' गटिंग म्हणजे बॅडमिंटनच्या रॅकेटची जाळी विणणं. विणणारी मात्र दुकानात नव्हती. ती मागच्या गल्लीत, घराच्या ओसरीवर पाट घेऊन बसलेली असायची. जिशानची बायको. तिचं नाव शगुफ्ता आहे हे बाजारात एकाला माहीत असेल तर शपथ. तहसीलचे साहेब, राईस मिलवाले, कॉलेजची पोरं, सगळे येऊन जिशानच्या पाठीवर थाप मारायचे, काय हात आहे जिशानभाऊ तुमचा म्हणायचे. आणि हा गडी लाजत लाजत थाप घ्यायचा. लाज होती, पण थाप नको म्हणण्याइतकी नव्हती.

शगुफ्ता वडशाच्या पिंजाऱ्याची लेक. कापूस पिंजायच्या धनुकलीची तात किती ताणली की कशी वाजते, हे तिच्या कानात लहानपणीच बसलेलं. पण धनुकली वाकलेलीच चालते आणि रॅकेट वाकली की मेली, हे तिला आपल्या हातानं रॅकेटी बिघडवूनच कळलं. मग तिनं लग्नातल्या सागवानी पाटावर खुंट्या ठोकून घेतल्या. चौकटीच्या आत डोक्याशी आणि गळ्याशी, बाहेरून दोन्ही कुशींना, सगळ्यांना सायकलच्या ट्यूबचं रबर गुंडाळून. उभे धागे ओढले की चौकट बसकी होऊन बाजूला फाकायला बघते. आतल्या खुंट्या तिला दबू देत नाहीत, बाहेरच्या फाकू देत नाहीत. आडवे धागे पुरे होईपर्यंत रॅकेट पाटावरून उचलायची नाही. दारात पाहुणा आला तरी नाही, दूध उतू गेलं तरी नाही. दूध बरेचदा उतू जायचं आणि जिशान कुरकुरायचा. जाळी कशी झाली हे मात्र त्यानं कधी जवळ बसून पाहिलं नाही. त्याच्या लेखी रिम म्हणजे रिम, सायकलची काय नि रॅकेटची काय.

एका हिवाळ्यात शगुफ्ता भाचीच्या लग्नाला माहेरी गेली होती, तेव्हा स्वाती दुकानात आली. कॉलेजात शिकणारी मुलगी, तिच्या मामानं नागपूरहून कार्बनची रॅकेट आणून दिलेली. तशी रॅकेट तालुक्यात तेव्हा कोणाकडे नव्हती. जाळी तुटली होती आणि दुसऱ्या दिवशी गडचिरोलीला जिल्ह्याची मॅच. आता सरळ सांगायचं ना, बाई घरी नाही, जमणार नाही. पण ते सांगायचं कोणत्या तोंडानं? मग इतकी वर्षं थापा कोणाच्या पाठीवर पडत होत्या, हे नसतं का विचारलं कोणी?

बसला जिशान. पाट घरी पडलेला, त्याला हात लावला नाही. रॅकेटची दांडी लोखंडी शिकंज्यात आवळली आणि चाकाचे आरे ताणावेत तसे धागे ताणले. चौकट भोपळ्यासारखी फुगली, तरी त्याला वाटलं आडवे धागे घातले की येईल जागेवर. दिली तशीच. स्वातीनं मॅचमध्ये पहिला जोराचा फटका मारला आणि रॅकेट डोक्याशी तडकली. उसनी रॅकेट घेऊन ती खेळली आणि हरली.

ती दुकानात जाब विचारायला आली, तर यानं काय सांगावं? म्हणे, मी नाही केली, घरच्या बाईनं केली, शगुफ्तानं, बाईमाणसाचं काम असंच असते.

शगुफ्ता नुकतीच परतली होती, पिशवीसुद्धा खाली ठेवली नव्हती. दारात आवाज आला, "शगुफ्ता कोण आहे इथी?" त्या दारात तिचं नाव घेऊन कधी कोणी आलं नव्हतं. खरं सांगायचं तर घडीभर तिला बरंच वाटलं. मग स्वातीनं ती मोडकी रॅकेट ओसरीवर आपटली आणि म्हणाली, "जमत नाई तर लोकाच्या रॅकेटीले हात काऊन लावता?"

शगुफ्तानं रॅकेट उचलली. फुगलेली चौकट पाहिली. दांडीवर शिकंज्याच्या दातांचे वण पाहिले. आपलं नाव या मुलीला कोणी सांगितलं, एवढंच तिनं विचारलं. उत्तर ऐकलं आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चांगल्या जाळ्या विणून बोटांना घट्टे पडले, तेव्हा या माणसाच्या तोंडातून तिचं नाव निघत नव्हतं. आणि निघालं ते कधी, तर हे असं मोडल्यावर! तिनं पाट काखेत मारला, टोच्या आणि जाळीच्या धाग्याचं वेटोळं घेतलं आणि स्वातीला म्हणाली, चल माझ्यासंगं.

बाजाराचा दिवस होता. दुकानात चार गिऱ्हाईकं उभी, समोर मनकर्णाबाई भाजी मांडून बसलेली. जिशान हिंदीत म्हणाला, घरी चल, घरी बोलू. ती दोघं घरी हिंदीतच बोलत. पण शगुफ्ता मराठीत बोलली, सगळ्यांना कळावं म्हणून.

"हे कोनं केलं?"

जिशाननं शिकंज्याकडे पाहिलं. मग पुटपुटला, "मी केलं."

"मोठ्यानं बोला. माह्यं नाव घेताना तोंड उघडलं होतं ना तुमचं?"

"मी केलं," जिशान म्हणाला. "ही तं घरी नव्हतीच. आजवरच्या साऱ्या जाळ्या हिच्याच हातच्या."

मनकर्णाबाईचा तराजू हातातच राहिला. शगुफ्तानं मोडकी रॅकेट पाटीखालच्या खिळ्याला टांगली, कोणी काढायची नाही म्हणून बजावलं आणि दुकानाच्या तोंडाशीच पाट टाकून बसली. स्वातीची मॅच काही परत आली नाही. ती माफीबिफी न मागता घरी गेली आणि जुनी स्टीलची रॅकेट घेऊन आली. ती शगुफ्तानं तिथंच, सगळ्यांच्या समोर, खुंट्यांत बसवली.

पुढे पाटी रंगवली, दुकानाचा पत्रा बदलला, पण खिळा तसाच राहिला. नवं गिऱ्हाईक आलं की हमखास विचारायचं, ही मोडकी कशाला टांगली, कोणाचं काम आहे हे? शगुफ्ता मान वर करायची नाही, धागा ओढत राहायची. जिशानला उठून सांगावं लागायचं.

"ते माह्यं काम आहे," तो म्हणायचा. "चांगलं पायजे असन तं शगुफ्ताले द्या."