फाट्यावरची चौकी बंद झाली तेव्हा

खुनाचे, दरोड्याचे कितीतरी गुन्हे आता पुसट झाले, पण केबलचोरीचा एक साधा गुन्हा निवृत्तीनंतरही माझी पाठ सोडत नाही. गुन्हा उघडकीस आला, मुद्देमाल मिळाला, आरोपी कोर्टात उभे राहिले. कागदावर पाहिलं तर तपास चोख. तरी तो आठवला की जेवण गोड लागत नाही.

मी तेव्हा धाराशिव जिल्ह्यात, परंड्याकडच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. त्या वर्षी खर्चाला कात्री लागली. डिझेलचा कोटा निम्म्यावर आला, होमगार्ड बंद झाले. सोनारीच्या जत्रेचा बंदोबस्त लागला की ठाण्यात ठाणे अंमलदार आणि वायरलेसवाला, एवढेच उरत. वरून आदेश आला की लोकांना विचारा, त्यांना पोलिसांकडून आधी काय हवं आहे, आणि त्याप्रमाणे माणसं वापरा. आदेश वाचून मला बरं वाटलं होतं.

मोठ्या गावाच्या देवळातल्या सभामंडपात बैठक घेतली. आसपासच्या गावांचे सरपंच, पोलीस पाटील, बागायतदार आले. मी सरळ सांगितलं, दोनपैकी एकच जमेल. विहिरींवरच्या मोटारी आणि केबली चोरीला जातात म्हणून रात्री जीप फिरवायची, किंवा कुर्डुवाडी रस्त्याच्या फाट्यावरची चौकी चालू ठेवायची. चौकीत एक हवालदार आणि एक महिला शिपाई बसत असे.

"साहेब, चौकी बंद झाली तरी चालंल, मोटारी वाचवा," सरपंच म्हणाले. "केबल तुटली की उभं पीक वाळतंय. चौकीत पोलीस नुसता चहा पितोय."

सगळ्यांनी माना हलवल्या. बायका मंडपाच्या बाहेर, पायऱ्यांच्या कडेला उभ्या होत्या. त्यातली एक मजुरी करणारी बाई बोलली, "पर पोरी कॉलेजला तिथनंच चालत जात्यात. चौकी हाय म्हणून पोरं दबून असत्यात."

"मावशी, तुझ्या एका पोरीसाठी समद्या शिवाराची वायर घालवायची व्हय?" कुणीतरी म्हणालं आणि मंडपात हशा पिकला. मी चौकीचा विषय पुन्हा काढला. तोवर पानाची तबकं फिरू लागली. चौकीला कुलूप लागलं.

जीप कुठं न्यायची हेही गावकऱ्यांनीच ठरवलं. आमच्याकडं शेतीची वीज एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री असते. रात्री वीज असली की माणूस पाणी द्यायला रानात असतो आणि चालू लाईनची केबल कोण तोडणार? म्हणून ज्या गावाला रात्री वीज नाही तिथं जीप, असं ठरलं. हिशेब बिनचूक होता. मीही त्याला मान डोलावली. आणि चोऱ्या मात्र नेमक्या उरलेल्या गावांत, जिथं रात्री वीज होती तिथं, होऊ लागल्या. लोक ठाण्यावर येऊन आम्हाला तोंडावर शिव्या द्यायचे. डिझेल जाळून हाती काही लागत नव्हतं.

एके सकाळी तीच बाई ठाण्यात आली. सोबत तिची मुलगी होती, बारावीला. बाई म्हणाली, चौकी बंद झाल्यापासून तीन पोरं मोटारसायकल आडवी लावून उभी राहतात, पोरींची वाट अडवतात.

मी फिर्याद द्यायला सांगितलं. बाईनं कानाला हात लावला. "कागद नगं साहेब. पोरीचं नाव खराब हुईल. नुसतं एक मानूस बसवा तिथं."

माझ्याकडं बसवायला माणूस नव्हता. मी एकाला दोनदा पाठवून पाहिलं; खाकी दिसली की पोरं पसार, खाकी वळली की हजर. आठवड्यानं मायलेकी पुन्हा आल्या. जाताना मुलगीच म्हणाली, "साहेब, ती पोरं चौकीच्या मागल्या खोलीत असत्यात. लई वास येतोय तिथं, रबर जळाल्यावानी."

खबऱ्यांना पैसे देऊन महिनोन्‌महिने मिळत नाही ती खबर त्या पोरीनं उंबऱ्यात उभं राहून दिली. केबलमधलं तांबं काढायचं तर वरचं रबर जाळावं लागतं. ताबडतोब दोन पंच घेऊन फाट्यावर गेलो. दारावरचं कुलूप आमचं नव्हतंच. आमचं तोडून त्यांनी स्वतःचं लावलं होतं. आत जळक्या केबलींचा ढीग, तांब्याची वेटोळी आणि डीपीवरचे, म्हणजे शिवारातल्या ट्रान्सफॉर्मरवरचे, चिनी मातीचे फ्यूज. सरकारी चौकी चोरांचं गोदाम झाली होती. पोरं त्याच दिवशी ताब्यात आली, पण तोंड उघडेनात.

फ्यूजांनी मात्र वाट दाखवली. चालू डीपीवरचा फ्यूज काढायला सरावाचा हात लागतो. लाईनमनच्या हाताखाली फुकट राबणारा एक जण गावात असतो, त्याला आमच्याकडं झिरो वायरमन म्हणतात. त्याला बोलावलं. निर्दोष माणूस ठाण्यात आल्यावर आधी 'मला का आणलं' म्हणून भांडतो. हा खुर्चीच्या कडेवर बसून घरी कधी सोडणार तेवढंच विचारत होता. मी त्याला चहा दिला आणि त्याच्या कामाचं कौतुक केलं. केबल गेली त्या प्रत्येक रात्री त्या शिवारात फॉल्ट होता आणि सकाळी कुणाचा फोन जायच्या आधीच दुरुस्तीला हाच हजर होता, हे शेतकऱ्यांच्या जबाबांत आलंच होतं.

"फॉल्ट झाल्याचं तुला कोण कळवतं?" मी विचारलं.

"शेतकरी फोन करत्यात की."

"मग त्यांचा फोन यायच्या आधी तू डीपीवर कसा पोचायचास?"

त्यानं कप खाली ठेवला. मग सगळं बाहेर आलं. तो रात्री फ्यूज काढायचा, लाईट गेली म्हणून माणसं घरी जाऊन झोपायची, आणि मेलेल्या लाईनची केबल ती तिघं निवांत तोडायची. जीप त्या रात्री कुठं असणार हे तर भर सभेत ठरलेलं.

गाव खूश झालं. त्याच मंडपात माझा सत्कार ठेवला. मी सरपंचांना बजावलं होतं, खबर कुणी दिली ते विचारू नका, बोलू नका. पण त्या वाटेनं चालत कोण जातं आणि ठाण्याची पायरी कुठली बाई चढली, हे गावाला सांगावं लागत नाही. आमच्या लोकांना उपकार ठेवून घेणं जमत नाही, चारचौघांत फेडल्याशिवाय चैन पडत नाही. सरपंचांनी माईकवरून पोरीचं नाव पुकारलं आणि साडी-नारळ घ्यायला तिला पुढं बोलावलं. टाळ्या पडल्या. पोरीनं साडी घेतली तेव्हा तिच्या बापाचा चेहरा मी पाहिला. आरोपींचे चुलते-मामे पुढच्याच रांगेत बसले होते.

पोरं जामिनावर सुटली. पुन्हा फाट्यावर उभी राहिली. त्यांनी काही केलं नाही, नुसती उभी राहिली. बापानं पोरीला मामाच्या गावी धाडलं, आणि अठरा पूर्ण होताच लग्न उरकलं. कायद्यानं मला बोलायला जागा ठेवली नाही. परीक्षा राहिलीच.

पुढच्या वर्षी खर्चाची तीच ओढाताण, तीच बैठक. लोकांनी पुन्हा रात्रीची जीप मागितली. मी म्हटलं, या वेळी चौकी उघडू.

"आता कशाला साहेब?" सरपंच म्हणाले. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. "ती पोरगी तर नांदाया गेली."

"आणि बाकीच्या?"

"त्येंच्या बापांनी कॉलेजातनं काढल्या की. आता त्या वाटंनं पोरगी चालतच न्हाय. तकरारच न्हाय कुणाची."

खरंच नव्हती. चौकी बंदच राहिली. वरिष्ठांनीही फाट्यावर तक्रारी शून्य म्हणून समाधान व्यक्त केलं. मला इतका संताप आला होता, आणि तो काढावा असा एकही गुन्हेगार समोर नव्हता. होते ते भले लोक, ज्यांना विचारलं होतं आणि ज्यांनी खरं उत्तर दिलं होतं. लोकांचं मत घ्यावं हे मला आजही पटतं. पण मंडपात बसलेल्यांचं मत म्हणजे लोकांचं मत नव्हे, हे शिकायला मला एका पोरीचं शिक्षण खर्ची पडलेलं पाहावं लागलं, आणि शिकून तरी मी काय बदललं?

ती आता कुठल्या गावात आहे, मला माहीत नाही. चौकशी करायला गेलो तर तिच्या दारी पोलीस का आला म्हणून पुन्हा तिचंच नाव खराब होईल. म्हणून आजवर विचारलेलं नाही.