रस्त्यापलीकडचा शेठ

बांगड्या भरायला बसला की नबीलाल मणेराच्या तोंडाचा पट्टा सुरू व्हायचा. गडमुडशिंगीतल्या कुणाच्याही सोप्यात पेटी टेकवायची, समोरच्या बाईचा पंजा हातात घ्यायचा आणि विचारायचं, "काय वो, म्हस व्याली का न्हाय?" बाई म्हशीचं सांगायच्या नादाला लागली की तिचा हात सैल पडायचा, अन् बांगडी कधी मनगटावर गेली ते तिचं तिलाच कळायचं नाही. धंद्याचं सगळं कसब त्या गप्पांत होतं. नबीलालला मात्र वाटायचं, आपल्याला बडबडायची वाईट खोड आहे.

घरात ऐकायला कुणी नव्हतं. त्याची बायको चाँदबी जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि लेक मेहमुदा बिद्रीला नांदत होती. गावातल्या बायका त्याला नबीमामा म्हणायच्या. भाकरी खाऊन जावा म्हणायच्या आणि बांगड्या भरून झाल्या की वाकून नमस्कार करायच्या. एकट्या माणसाला आणखी काय हवं? पण ह्याला शेठ व्हायचं होतं! पेटी खांद्यावर घेऊन हिंडणाऱ्याला इज्जत नाही, हे खूळ डोक्यात शिरलं आणि चौऱ्याहत्तर सालाच्या सुमाराला त्यानं शहरात, राजारामपुरीत भाड्यानं दुकान घेतलं आणि राहायला एक खोलीही.

मोठं व्हायचं तर मोठ्या माणसाकडं बघून शिकावं, एवढं त्यानं ऐकलं होतं. मोठा माणूस अगदी समोरच होता. रस्त्यापलीकडं बाहुबली शेठचं कापडाचं दुकान. सणासुदीला आत पाय ठेवायला जागा नसायची. शेठ दाराशी पांढऱ्या गादीवर बसलेला असायचा. कुणाशी हसणं नाही, बोलणं नाही. पैसे घ्यायचे, मान हलवायची. नबीलाल दिवसभर त्याच्याकडं टक लावून बघायचा. एके दिवशी त्याला वाटलं, सापडलं गुपित. ह्याची जरब हाय, म्हणून गिऱ्हाईक येतंय.

मग त्यानंही दाराशी पांढरी गादी टाकली आणि दुकानात आजवर चाललेली बडबड बंद करून तोंडाला कुलूप लावलं. बाई हात पुढं करायची, हा मुकाट्यानं दाबायला लागायचा. हात ताठ, बांगडी अडलेली, बाईच्या डोळ्यांत पाणी. गिऱ्हाईक कमी व्हायला लागलं तसं त्याला वाटलं, आपलं गप्प बसणं अजून शेठसारखं जमत नाही. मग तो आणखी गप्प झाला. रात्री खोलीवर चूल पेटवताना कित्येकदा त्याच्या ध्यानात यायचं, आज आपला आवाज आपल्याच कानावर पडलेला नाही. ते त्याला खायला उठायचं. पण शेठ व्हायचं म्हणजे एवढं सोसायलाच हवं, अशी तो मनाची समजूत घालायचा.

अशात एका लग्नसराईत गडमुडशिंगीची तानाबाई लेकीला घेऊन आली. ह्या पोरीच्या बारशापासून तिच्या बांगड्या नबीलालनं भरल्या होत्या. आता हिरवा चुडा भरायचा होता. त्याचा ऊर भरून आला, ओठावर शब्द आले, पण त्यानं समोर शेठकडं बघितलं आणि ते गिळले. पोरगी आधीच घाबरलेली, हात लाकडासारखा ताठ. बांगडी पिचकली. दुसरी घेतली, तीही पिचकली आणि मनगटावर रक्त आलं. नवरीच्या हातातला हिरवा चुडा फुटला! तानाबाईचा चेहरा पांढरा पडला.

"नबीमामा, आमचं काय चुकलं व्हय? बोलंनासा झालाईसा."

तरीही तो बोलला नाही. तानाबाईनं पोरीला उठवलं आणि ती निघून गेली. चुडा दुसऱ्या कुणी भरला. लग्नाचं आवतण नबीलालला आलं नाही.

तेव्हा कुठं तो रस्ता ओलांडून गेला. जवळ गेल्यावर पहिल्यांदाच त्याला दुकानाच्या आतलं ऐकू आलं. शेठचा थोरला भाऊ बाबासो लुगड्याच्या घड्या उलगडत गरजत होता, बायकांना वैनी-मावशी करत होता, कुणाच्या जावयाची चौकशी करत होता, आणि बायका हसत-हसत कापड घेत होत्या. नबीलालच्या गादीवरून यातलं काही दिसायचं नाही. दिसायचा तो फक्त दाराशी बसवलेला धाकटा.

"शेठ, तुमचं बघून गप बसायला शिकलो," नबीलाल म्हणाला. "माझं का चालंना?"

शेठचा चेहरा लाल झाला. ओठ हलले, मान ताणली गेली, पण शब्द फुटेना. बऱ्याच वेळानं तो म्हणाला, "म... मला बोलता येत न्हाय, नबीलालभाई. जी... जीभ अडकती. लोक हसत्यात, म्हणून भाऊ मला आत बसू देत न्हाय."

नबीलाल त्याच्या गादीच्या कडेला टेकला.

"तु... तुमचं बोलणं हितपातूर ऐकू यायचं," शेठ म्हणाला. "दिवस बरा जायचा माझा. बंद का केलंसा?"

नबीलाल आपल्या गादीवर परत आला. शेठ पलीकडून कान देऊन बसला होता. काहीतरी मोठ्यांदा बोलावं, हसवावं त्याला, असं नबीलालला फार वाटलं. पण कुणाचा हात समोर नव्हता, आणि म्हस व्याली का, हे आता विचारायचं तरी कुणाला? दोघं एकमेकांकडं बघत बसून राहिले.