लायटरमधला खडा

माझी पत्नी गेली. पुढच्या आठवड्यात मी भांड्यांबरोबर गॅसचा लायटरही घासून धुतला आणि तो बंद पडला.

औरंगपुऱ्यातल्या दुरुस्तीवाल्याने तो उन्हात ठेवला. "यात सेल नसतो, सर. खडा असतो. त्याच्यावर आतली बारकी हातोडी बसली की तो वीज टाकतो. आंघोळ तेवढी सोसत नाय त्याला."

दुरुस्त केलेला लायटर तो गिऱ्हाइकाच्या बोटावर तपासतो आणि गिऱ्हाईक उडालं की मान खाली घालून पेचकस शोधू लागतो.

मी विसरून लायटर धुतच राहिलो. "परत न्हाऊ घातलं?" हाच त्याचा नमस्कार. चौथ्यांदा मात्र मी कोरडा, चालू लायटर नेला. घरी बोलायला कोणी नव्हतं, हे मी सांगितलं नाही. त्याने खटका दाबून ठिणगी पाहिली, मग माझं बोट धरलं. मी ओरडलो.

"लागलं?"

"लागलं."

"मंग दोघंबी चालू हायेत. उद्या चहा तुमच्याकडं. तुम्हीच करायचा."

तो आला. चहा संपवून म्हणाला, "लई वाईट, सर. परवा येतो."

लायटर आता नळापासून लांब, खिळ्याला टांगलेला असतो. चहा अजून वाईटच होतो. कप दोन लागतात.