दुसरीच्या जागेवर

उमरग्याच्या स्टँडमागं उमादेवीचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान होतं. बाई सोल्डरिंग करते म्हटल्यावर सुरुवातीला गिऱ्हाइकं दारातनंच परत फिरायची. पुढं पुढं तिच्याच हातनं फोन उघडून घ्यायला कर्नाटकातल्या खेड्यांतनं माणसं यायला लागली. हायवेला चार्जरची सर्किटं बनवायचा कारखाना निघाला, तेव्हा मॅनेजर अमरनाथ स्वतः दुकानात आला. कामावर या म्हणाला. तिनं नवऱ्याला, विरेशला, विचारलं.

"दुकान कुठं पळून चाललंय? बघ जाऊन," तो म्हणाला.

कारखाना नवा होता, आतली मशिनं मात्र जुनी. चीनमधली एक चालती लाइन तिथं बंद करून, सुटी करून, लाकडी खोक्यांतनं इथं आणली होती. सोबत लिन नावाचा पन्नाशीचा मेकॅनिक आला होता. मशिनं उभी करायची, इथल्या पोरींना शिकवायचं आणि सहा महिन्यांत परत जायचं, एवढं त्याचं काम.

उमादेवीच्या वाट्याला पार्ट बसवायचं मशीन आलं. मोहरीएवढे पार्ट ते आठ नळ्यांनी हवेच्या ओढीनं उचलायचं आणि सर्किटवर ठेवायचं. मशीनबरोबर खुर्चीही तिकडचीच आली होती. उमादेवी पहिल्या दिवशी बसली तेव्हा गादी डावीकडं दबलेली लागली. टेबलाच्या कडेला रबर होतं, त्यावर दोन कोपरांचे खळगे पडले होते. तिचे कोपर त्यात बसेनात. तरी हात जरा हलवला की ते घसरून त्या दुसरीच्या जागेवरच जाऊन टेकायचे.

"इथं कोण बसायचं?" तिनं लिनला विचारलं. त्याच्याकडं भाषांतराचं एक छोटं यंत्र होतं. तो चिनीत बोलला की त्यातनं एका बाईच्या आवाजात सपाट हिंदी यायची. त्यानं प्रश्न ऐकला, यंत्र खिशात टाकलं आणि तो दुसऱ्या मशीनकडं निघून गेला.

एप्रिलात, लिनला परत जायला आठ दिवस उरले असताना, मशीन बिघडलं. सकाळी नीट चालायचं आणि दुपारी बारानंतर पार्ट वाकडे बसवायचं. स्क्रीनवर मात्र सगळं ठीक दिसायचं. पुण्याहून इंजिनिअर आले. एक म्हणाला धूळ, दुसरा म्हणाला लाइट कमीजास्त होते, तिसरा म्हणाला ऊन. तिघांचंही खरं होतं, पण मशीन सुधरेना. लिननं मशीनचं जाडजूड पुस्तक पानापानानं ताडून बघितलं. चौथ्या दिवशी त्यानं यंत्र टेबलावर ठेवलं.

"हे पुस्तकात नाही," यंत्र म्हणालं. "बायकोला विचारतो."

"तुमच्या बायकोला?"

"या खुर्चीवर ती अकरा वर्षं होती."

उमादेवी चटका बसल्यासारखी उठून उभी राहिली.

लिननं फोन लावून मशीनजवळ धरला. पलीकडं ती मशीनचा आवाज ऐकत राहिली. मशीन टकटकत राहिलं. मग एक बारीक आवाज काहीतरी पुटपुटला आणि यंत्रातनं हिंदी आली, "सहावी नळी. मागं दोरा आहे. प्रवासात ढिला झाला असेल."

उमादेवीनं मागचं झाकण काढलं. सहाव्या नळीला चीर होती आणि चिरेवर काळा दोरा गुंडाळलेला होता. दुपारी तापलं की ढिल्या दोऱ्याखाली ती चीर उघडत होती. कधीतरी नवी नळी मिळाली नसेल, तेव्हा त्या बाईनं काम अडू दिलं नव्हतं. कुठल्या कागदावर त्याची नोंद नव्हती. दोऱ्याच्या वेढ्यात एक लांब केस अडकला होता.

नळी बदलली आणि मशीन सुरळीत चाललं. लिन फोन ठेवणार, तेवढ्यात यंत्र बोललं, "तिथं आता कोण बसतं?"

"मी. उमादेवी."

"दर तासाला लांबचं बघत जा. डोळे जातात."

उमादेवीनं यंत्र जवळ ओढलं. "तुम्ही आता काय करता?" तिनं विचारलं.

"घरीच असते. कामाची वेळ झाली की हात हलायला लागतात. थांबवता येत नाहीत." ज्या आवाजात यंत्र नळीबद्दल बोललं होतं, त्याच आवाजात त्यानं हेही सांगितलं.

लिन गेला. कारखान्यानं पुन्हा बोलावलं, पण त्याला व्हिसा मिळाला नाही. त्याचा फोन इथनं लागेना. "त्यांच्या बायकोलाच आणा की शिकवायला," उमादेवी अमरनाथला म्हणाली. तो कसनुसा हसला. "मेकॅनिकलाच येऊ देत नाहीत, ताई."

जुलैत पार्टांचा कंटेनर अडकला. लाइन इथं आली होती, पण ते मोहरीएवढे पार्ट अजून तिकडनंच यायचे. कंटेनर तिकडं पडलाय का आपल्या बंदरात, हे कुणी नीट सांगेना. पाच आठवडे सगळ्या घरी बसल्या.

एका सकाळी सासूबाई, शांताक्का, तूरडाळ निवडत होत्या. समोर उमादेवी बसली होती. शांताक्कांनी सूप खाली ठेवलं.

"उमा, काय टिपायलीस गं? तुझ्या म्होरं तर काय बी न्हाय."

उमादेवीनं खाली बघितलं. तिचा उजवा हात चिमटी करून उचलत होता, ठेवत होता. तिनं तो डाव्या हातानं धरला आणि धरूनच बसली.

विरेशला कळल्यावर तो म्हणाला, "सोड ती नोकरी. दुकान हाय की आपलं."

"सोडून सुटतंय व्हय? त्या लिनच्या बायकोची तर लाइनच गेली, तरी तिला सुटंना."

कंटेनर आला, लाइन सुरू झाली. उमादेवी दर तासाला पोरींना पाच मिनिटं लांबचं बघायला अंगणात उभं करायची. अमरनाथ आधी कुरकुरला, मग सर्किटं कमी वाया जायला लागली तसा गप्प बसला. उमादेवीला त्यानं लाइनची मुख्य केलं.

दसऱ्याच्या आधी दुसरी लाइन आली, त्याच गावातनं, तसल्याच खोक्यांतनं. या वेळी सोबत माणूस नव्हता. नवी आलेली राजनंदिनी एका मशीनचं झाकण लावायला निघाली, तशी उमादेवी म्हणाली, "थांब. आधी मला बघू दे."

तिनं सगळी मशिनं उघडली. नळ्यांमागं हात घातला, टेबलांच्या कडा चाचपल्या, खुर्च्या उलट्या करून बघितल्या. या लाइनचं सगळं पुसून आलं होतं. रबर नवं, गाद्या नव्या, आत नुसता थिनरचा वास.

"ताई, काय शोधताय?" राजनंदिनीनं विचारलं.

"इथं कोण बसायचं ते," उमादेवी म्हणाली. ती पुन्हा पहिल्या मशीनपासून बघायला लागली.