विद्यापीठाची जीप आणि जुरीचा प्रश्न

बातमी आली त्या दिवशी मी वांगी चिरत होते. बाजाराचा दिवस, शाळेला सुट्टी, बाहेर पावसाची झड. दारात गणपत येऊन उभा राहिला. हा विद्यापीठाच्या जीपचा ड्रायव्हर. गुडघ्यापर्यंत चिखल, आणि जीप कुठंच दिसत नव्हती.

"आधी पाणी द्या बाई," तो म्हणाला.

मी तांब्या दिला. अर्धं पाणी तो प्यायला, अर्ध्यानं तोंड धुतलं, आणि मग म्हणाला की डॉक्टर गेले. भामरागडच्या पलीकडच्या गावात, तापानं. वाटेतल्या पर्लकोटा नदीला पूर होता. माणूस येऊ शकला नाही आणि निरोपही नाही. गावानं वाट पाहिली, आणि मग आपल्या रीतीनं सगळं उरकलं. आठवणीचा दगडसुद्धा उभा केला. त्या मधल्या दिवसांत, पत्र का येत नाही म्हणून मी त्यांच्यावर रागावून बसले होते.

वांगी शेजारणीनं नेली.

डॉक्टर म्हणजे माझे यजमान. घरातही मी त्यांना डॉक्टरच म्हणत असे. विद्यापीठाच्या पाहणीत ते आरोग्याचं काम बघत. मग आमच्या चांद्याच्या घरी माणसं भेटायला येऊ लागली. दुखवट्याच्या घरात पहिला चहा मुकाट्यानं होतो. दुसऱ्या चहाला कुणीतरी म्हणतं, "डॉक्टरांचा तो कॅम्पातला किस्सा ठाऊक आहे का?" सगळे हसतात, मग दचकून माझ्याकडे बघतात. मीही हसते. मग पुढचा मोकळेपणानं सुरू करतो. मोरीत कपबश्या साचत जातात आणि बाहेर किस्से.

यातले बरेच मी स्वतः पाहिलेले आहेत. ते गेले त्याआधीच्या हिवाळ्यात त्या गावी पाहणीचा कॅम्प होता, त्यात मीही होते. बायकांशी बोलायला बाई हवी, म्हणून शाळेतून रजा काढून गेले होते.

*

पण आधी जुरीचं सांगते, कारण ते अजून संपलेलं नाही.

जुरी त्या गावातली बाई. माझ्याच वयाची असेल. तिची थोरली मुलं एकामागून एक गेली. थंडी पडली की सांधे धरायचे, डोळे पिवळे व्हायचे, पोर रात्रंदिवस रडायचं. उरली ती धाकटी मुलगी, चांगली ठणठणीत. त्यांच्यात रीत अशी की बाई ज्या घरातून आली, त्या घराला तिची लेक सून म्हणून द्यायची. दूध परत करणं म्हणतात. जुरीच्या मुलीचं लग्न तिच्या भावाच्या, कोलूच्या मुलाशी ठरलेलं. आणि कोलूच्या घरातही एक पोर असंच गेलेलं.

जुरी डॉक्टरांपुढं बसली. ती गोंडीत बोलायची आणि गणपत मराठीत सांगायचा. त्याचं आजोळ तिकडचं.

"पोरगी देऊ का नको, इचारून राह्यली."

डॉक्टर म्हणाले, "तिला सांग, काही माणसांच्या रक्तात विळा असतो. एकाच्या रक्तात असला तर निभतं. नवराबायको दोघांच्याही असला, तर एखादं पोर दोन्ही विळे घेऊन जन्मतं. ते पोर दुखण्याचं."

सिकलसेलच्या दुखण्यात रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, म्हणून ते विळा म्हणाले. जुरीनं गणपतकरवी विचारलं, "मंग इळा कोणाचा? माह्या पोरीचा का भावाच्या पोराचा?"

"रक्त तपासून सांगतो. तोवर लग्न थांबव."

ठरलेलं लग्न थांबवणं म्हणजे भावाच्या तोंडावर दार लावणं. जुरीनं ते केलं. डॉक्टरांच्या शब्दावर केलं.

*

आमच्या जीपमध्ये विद्यापीठाची तीन खाती बसत. पुढं प्राध्यापकसाहेब. त्यांना सगळे सर म्हणत. त्यांचा विषय आनुवंशिकता, म्हणजे रक्त. मागं डॉक्टर, म्हणजे आरोग्य. त्यांच्या शेजारी समाजशास्त्राच्या कुमुदताई, म्हणजे चालीरीती. मी खात्यात नव्हते. मी भांड्यांच्या पेटीवर.

रक्त काढायच्या दिवशी गाव गोळा झालं, पण हात कुणी पुढं करेना. कुणीतरी बातमी आणली होती की वैनगंगेवर पूल होणार आहे आणि त्याच्या पायात माणसाचं रक्त घालायचं आहे. सरांनी समजावलं, कुमुदताईंनी समजावलं. शेवटी म्हातारा पाटील उठला आणि गणपतच्या कानाशी काहीतरी बोलला.

गणपत म्हणाला, "पाटील म्हणते, रगत न्या. पर मंग पूल इथी बांधा. रगत इथलं अन् पूल तिथी, हे काही जमत नाई!"

सर खूप हसले. "कुमुदताई, लिहून घ्या. अंधश्रद्धेचा उत्तम नमुना!"

डॉक्टर सुई उकळत होते. मान वर न करता म्हणाले, "अंधश्रद्धा कसली सर, अर्ज आहे तो."

*

दुसऱ्या दिवशी पोरांच्या पानथऱ्या तपासायच्या होत्या. हिवतापानं पानथरी, म्हणजे प्लीहा, वाढते, म्हणून पोराला आडवं करून बरगडीखाली बोटं दाबायची. पोरांना वाटलं, हा पाहुणा गुदगुल्या करायला आला आहे. तपासून झालेली पोरं पुन्हा रांगेत येऊन उभी राहू लागली!

त्यात एक पोर हसत नव्हतं. अंग तापलेलं. डॉक्टरांनी कुनैनची बाटली काढली तर सरांनी हात धरला.

"डॉक्टर, आत्ता नको. याचं रक्त काल घ्यायचं राहिलं आहे, ते होऊ द्या. मध्येच औषध दिलंत तर सॅम्पल बिघडेल."

"आणि सॅम्पल मेलं तर?"

"मृत्यू आपल्या दोघांकडे नाहीत. ते समाजशास्त्राकडे आहेत."

कुमुदताई घाईनं म्हणाल्या, "आमच्याकडे फक्त मरणानंतरचे विधी! कारणं तुमच्याकडे."

डॉक्टरांनी पोराला कुनैन दिलं. सरांनी पोराला पाहणीतून वगळलं. पोर बरं झालं. ते मात्र कुणाच्याच अहवालात आलं नाही.

*

सरांना वंशावळी हव्या होत्या. कोण कुणाचा, कोण कुणाची. पुरुष रानात गेलेले, म्हणून कुमुदताईंनी बायकांना बसवलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, "नवऱ्याचं नाव काय?"

सगळ्या बायका जमिनीकडे बघू लागल्या. एकीनं झाडाकडे बोट दाखवलं. दुसरी उठून गेली.

"बघा वहिनी," कुमुदताई मला म्हणाल्या, "काय हे मागासलेपण! नवऱ्याचं साधं नाव घेत नाहीत. स्वातंत्र्य येऊन इतकी वर्षं झाली."

तेवढ्यात जुरीनं माझ्याकडे हात करून काहीतरी विचारलं. गणपत तोंड दाबून हसू लागला.

"काय म्हणते?" कुमुदताईंनी विचारलं.

"म्हणते, ह्या बाईच्या नवऱ्याचं नाव काय?"

सगळ्या माझ्याकडे बघत राहिल्या. मी म्हटलं, "डॉक्टर."

तेवढं कळायला त्यांना गणपत लागला नाही. बायका एकमेकींच्या अंगावर पडून हसल्या. वंशावळीत मात्र त्या दिवशी एकही बाप नोंदला गेला नाही. सर म्हणाले, "हे जीवशास्त्रात अशक्य आहे!"

*

आता कडू कागदाचं. हा किस्सा विद्यापीठात अजून सांगत नाहीत. आमच्या घरात सांगतात, तोही दार लोटून.

सरांकडे औषधात बुडवलेल्या कागदाच्या पट्ट्या होत्या. जिभेवर ठेवल्या की काहींना जहर कडू लागतात, काहींना काहीच लागत नाही. हे रक्तातूनच येतं म्हणे, बापाकडून, आईकडून. सर्व जगात दोन्ही प्रकारची माणसं सापडतात. सर स्वतःच्या हातानं एकेकाला पट्टी देत आणि गणपत विचारी, "कसं लागते?"

"बेस आहे."

पुढचा. "बेस आहे."

म्हातारे, तरणे, बाया. "बेस आहे." पाटील तर म्हणाला, "गोड आहे."

सरांचा चेहरा उजळत गेला. संबंध गावात कडू ओळखणारा एक माणूस नाही! असं कुठं सापडलेलं नव्हतं. त्या संध्याकाळी त्यांनी स्वतः चहा केला आणि आम्हा सगळ्यांना दिला. भारतभरच्या परिषदेत वाचायचा पेपर त्यांनी तिथं कंदिलाशीच लिहायला घेतला.

डॉक्टरांनी मात्र जुरीचं तोंड बघितलं होतं. आधी ते एरंडेल प्यायल्यासारखं झालं, मग तिनं ते सारखं केलं आणि मग "बेस" म्हणाली. त्यांनी गणपतला तिच्याकडे पाठवलं. तो परत आला तो डोकं खाजवत.

"म्हणते, पाहुणा आपल्या हातानं देऊन राह्यला. त्याले कडू कसं म्हणाव? आमच्यात कोणी म्हणत नाई. कारलं दिलं तरी नाई."

चांद्याला परतल्यावर डॉक्टरांनी ते सरांना सांगितलं. सरांनी टेबलावरचे कागद नीट रचले.

"डॉक्टर," ते म्हणाले, "पेपर टाइप झाला आहे."

*

हिवाळ्यात कॅम्प उठला. रक्ताच्या बाटल्या नागपूरला विद्यापीठात गेल्या. तपासणीचं उत्तर यायचं होतं. पावसाळ्याच्या तोंडाशी डॉक्टर एकटेच पुन्हा त्या गावाकडे निघाले. सर म्हणाले, "पावसाळ्यात विद्यापीठ फील्डवर जात नाही."

"ताप पावसाळ्यातच येतो सर. त्याला आपली टर्म ठाऊक नाही."

गणपतनं त्यांना रस्ता संपतो तिथपर्यंत सोडलं. रक्ताचं उत्तर तोवर आलेलं नव्हतं. ते आलं तेव्हा डॉक्टर नव्हते.

*

विद्यापीठात शोकसभा झाली. मला पुढच्या खुर्चीवर बसवलं. गणपतला मी बाजूला बसवून घेतलं. ते एकदोघांना आवडलं नाही. अध्यक्ष म्हणाले, "रक्तातल्या गुणसूत्रापासून लग्नातल्या गाण्यापर्यंत आमच्या विद्यापीठाचा आवाका आहे. एकाच गावात, एकाच माणसावर तीन शास्त्रं काम करतात!"

टाळ्या झाल्या. मग शोकसभा आहे हे आठवून थांबल्या.

गणपत माझ्या कानाशी म्हणाला, "एका माणसावर तीन शास्त्रं, अन् मरते वेळी एकबी हजर नाई."

मी त्याला गप्प केलं नाही.

*

पाऊस सरला, नद्या उतरल्या, आणि एका सकाळी जुरीचा भाऊ कोलू आमच्या ओट्यावर येऊन बसला. खांद्यावर कुऱ्हाड, फडक्यात बांधलेला मध. गणपतला बोलावून आणलं. कोलूला थोडी मराठी येत होती, पण महत्त्वाचं तो गोंडीतच बोलला.

"म्हणते, आमचं घर गावात मान खाली घालून बसून राह्यलं. पोरगा इचारते, पोरगी इचारते. डाक्टरभाऊ म्हणाले, थांबा. आमी थांबलो. आता डाक्टरभाऊ नाई. मंग उत्तर कोणाकडं आहे?"

उत्तर नागपुरात होतं. आम्ही तिघं गाडीनं गेलो. कोलू वाटभर उभाच राहिला. बाकावर जागा होती, तरी.

आम्हाला विद्यापीठात, आपल्या खोलीच्या दारात पाहून सरांना फार आनंद झाला. उठून आले. "अरे, हा तर आपल्या गावचा! वहिनी, तुम्ही याला इतक्या लांब आणलंत?"

मी म्हटलं, "सर, याच्या मुलाचं आणि जुरीच्या मुलीचं रक्त आपण नेलं होतं. विळा कुणाच्या रक्तात आहे एवढं सांगा. लग्न अडलं आहे."

सर खुर्चीत बसले. आवाज मऊ करून म्हणाले, "वहिनी, आम्ही जमातीचं प्रमाण काढतो. ते आलं आहे, आणि फार महत्त्वाचं आलं आहे. पण अमक्याच्या रक्तात काय, तमक्याच्या रक्तात काय, हे माणसागणिक सांगणं आमच्या कामात बसत नाही. ते डॉक्टर हौसेनं करत."

"मग आरोग्य खातं सांगेल?"

"डॉक्टरांची जागा अजून भरलेली नाही."

"कुमुदताई?"

"लग्न त्यांच्याकडे आहे, पण रक्त नाही."

गणपतनं हे सगळं कोलूला कसं सांगितलं ते मला कळलं नाही. बराच वेळ सांगत होता. कोलूनं मधाचं फडकं सरांच्या टेबलावर ठेवलं. सर हेलावले असावेत. त्यांनी घंटी वाजवली आणि तपासणीच्या खोलीतल्या माणसाला बोलावलं.

"इतक्या लांबून आलाच आहे," सर म्हणाले, "तर याचं एक सॅम्पल घेऊन टाका!"

कोलूनं हात पुढं केला. सुई गेली तेव्हा त्यानं तिकडे पाहिलंसुद्धा नाही. बाटली भरली, तिला चिठ्ठी डकवली. बाहेर आल्यावर तो पहिल्यांदाच माझ्याशी मराठीत बोलला.

"बाई, आता तर माझं रगत बी नेलं. आता उत्तर येईलच ना?"

चांद्याला उतरल्यावर तो रानाच्या वाटेनं निघाला. जाताना म्हणाला, "आमी थांबतो. जुरीले सांगतो, थांब."

त्यालाही आता वर्ष होऊन गेलं. लग्न अजून लागलेलं नाही. जुरीला अजून कुणी काही सांगितलेलं नाही.