अस्वलाच्या झोपेखालचा आवाज

मी दीपनगर सोडलं त्या दिवशी आबांची सकाळची शिफ्ट होती. पोरगी परदेशी चाललीय आणि हा माणूस हेल्मेट काखोटीला मारून सायकल बाहेर काढतोय! आईनं कपाळावर हात मारून घेतला. "बदली माणूस भेटना नही," एवढंच आबा म्हणाले, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि गेले. भुसावळ स्टेशनवर सोडायला आई आणि दादा आले. आईनं कळण्याच्या भाकरी फडक्यात बांधून दिल्या. "तठे तुले भाकर कोण दी व?" हे तिनं गाडी हलेपर्यंत इतक्यांदा विचारलं की शेवटी मी वैतागून म्हटलं, अगं, माणसंच राहतात तिथे. मग ती रडायला लागली आणि मी खिडकीतून दुसरीकडे पाहत बसले.

मला रडू आलं ते मॉन्ट्रियलला पोचल्यावर. खोली इतकी गप्प होती की मला वाटलं, विमानात कान बिघडले. पाणी सोडून पाहिलं, टाळ्या वाजवून पाहिल्या. कान ठणठणीत होते. नव्हता तो आपल्या प्लांटचा आवाज.

कॉलनीतून जगभर पांगलेल्या तुम्हा सगळ्यांना हे सांगायला नको, पण ज्यांनी दीपनगर पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. विजेच्या कारखान्याची वसाहत होती आमची. टर्बाइनचा एक जाड, घुमणारा आवाज दिवसरात्र चालू असायचा, भिंतीत, गादीत, पाण्याच्या माठात. आम्हाला तो ऐकूच यायचा नाही. पाहुणे आले की दुसऱ्या दिवशी डोळे लाल करून विचारायचे, तुम्ही झोपता कसे हो इथे? आम्ही विचारायचो, का, डास होते का? उलट युनिट बंद पडलं की अख्खी कॉलनी खाडकन जागी व्हायची. बाया अंगणात येऊन उभ्या राहायच्या, आबा चपला शोधायला लागायचे. परत घूंऽऽ सुरू झालं की सगळे आत. आबांचं ठरलेलं वाक्य होतं, "आवाज चालू शे ना? मंग झोपा बिनघोर."

संगीताची गोडीही आबांचीच. चौदा एप्रिलच्या आधी महिनाभर आमच्या क्वार्टरच्या ओट्यावर भीमगीतांची तालीम चालायची. आबा पेटीवर बसायचे आणि मी भाता मारायचा हट्ट धरायची. त्या पेटीवरून मी इथवर आले. आधी दुसऱ्यांच्या सुरावटी ऑर्केस्ट्रासाठी लिहून देण्याचं काम, वर्षानुवर्षं. मग एकदाचा माझ्या नावावर एक ॲनिमेशनपट मिळाला. आईपासून चुकलेलं अस्वलाचं पिल्लू, हिवाळा, गुहा. गुहेत ते पहिल्यांदा एकटं झोपतं, तो प्रसंग मला सुचेना. बरेच दिवस हात टेकले होते. शेवटी सगळे कॉन्ट्राबेस, म्हणजे व्हायोलिनचे माणसाएवढे थोरले भाऊ, एका खालच्या सुरावर धरून ठेवले, हलू दिलेच नाहीत. त्यावर व्हायोलिन अगदी हलकी. वादक कुरकुरले, पण वाजवलं. पिल्लू झोपलं.

आबा तोवर राहिले नव्हते. रिटायर झाले की क्वार्टर खाली करावं लागतं, हे तुम्हाला माहीत आहे. ते आणि आई धुळ्याला दादाच्या फ्लॅटमध्ये गेले, देवपुरात. तिथे आबा फार दिवस राहिलेच नाहीत. हृदयाचं निमित्त झालं. आई मात्र म्हणते, शांततेनं मारलं त्यांना. तेव्हापासून तिची झोप गेली ती गेलीच. डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या, तळपायाला तूप चोळून झालं. "आठे लई चुपचाप शे, माले झोप येस नही," असं म्हणत खुर्चीत बसून राहते. मी इथे हजारो मैलांवर, करू काय? दर फोनला विचारायचे, झोपलीस का? ती म्हणायची, तू जेवनी का?

तर सिनेमा आला आणि संगीताचा अल्बमही निघाला. लोकांनी लिहायला सुरुवात केली. मी न वाचण्याचं ठरवलं होतं, पण ठरवून कोण थांबलंय? बहुतेकांनी गोड लिहिलं. पण झोपेच्या तुकड्यावर एकेकाचं असं मत की नाकाला मिरच्या झोंबाव्यात. एकाला वाटलं, त्याचा फ्रिज बिघडला. एकीनं लिहिलं, एवढं सुंदर व्हायोलिन आणि खाली गिरणी कोणी लावली? कोणी सदोष रेकॉर्डिंग म्हणून पैसे परत मागितले. एका शहाण्यानं मिक्सिंग करणाऱ्याला हाकलायचा सल्ला दिला. निर्मात्याची मेल आली, अत्यंत सभ्य. अल्बमची नवी आवृत्ती काढू, तो खालचा सूर काढून टाकू, तुझं काय म्हणणं?

माझं म्हणणं होतं, मुळीच नाही. पण पाठीशी कोणीतरी हवं होतं, म्हणून तो तुकडा कॉलनीच्या ग्रुपवर टाकला. वाटलं, तुम्ही तरी ओळखाल. धडाधड उत्तरं आली: लई भारी, खान्देशचं नाव काढलं, व्हायोलिन काय वाजलंय! मी विचारलं, अरे, खालचा आवाज कसा वाटला? कोणी लिहिलं, कसला आवाज? कोणी म्हणालं, हेडफोन लावून पुन्हा ऐकलं, बाई, काहीच नाही. एकजात कुणालाही ऐकू आला नाही! आधी तिडीक गेली डोक्यात. मग पोट धरून हसले, आणि हसता हसता रडायलाच लागले. जगाला जो नको होता तो माझ्या माणसांच्या कानांना लागतच नव्हता.

राहिली आई. खरं सांगते, मला तिचंच मत हवं होतं. आबा असते तर त्यांचं घेतलं असतं. एका दुपारी दादानं व्हिडिओ कॉल लावला, मोबाइल स्टुलावर उभा केला आणि मोठ्या स्पीकरवर तुकडा सुरू केला. आई पदर सारखा करून, शाळेत तपासणीला साहेब यावेत तशी, ताठ बसली. थोड्या वेळानं तिची मान कलली. दादा ओशाळला. "अगं, झोपली ती. वाईट नको वाटून घेऊ." वाईट! मी ओठावर बोट ठेवलं. त्यानं तुकडा पुन्हा पुन्हा चालू ठेवला. तोंड किंचित उघडं, हात मांडीवर सैल. आबा गेल्यापासून मी तिला अशी पाहिली नव्हती. इथे खिडकीबाहेर उजाडेपर्यंत मी पाहत राहिले.

मग खाली गाडीचा हॉर्न वाजला आणि ती जागी झाली. चेहरा अगदी निवांत. दादाला म्हणाली, "तुमना आबा उनात का रे ड्युटीवरून?"

दादानं हात लांबवून स्पीकर बंद केला. त्यावरूनच तिला कळलं. मी पाहिलं ते कळताना. तिनं पदर तोंडाला लावला, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "बाई, हाई आते परत लावू नको." झालं. मला मिळालं मत.

निर्मात्याला कळवलं, काढून टाका. तो खूश झाला. नवी आवृत्ती आली आणि लोकही खूश झाले. आता कसं स्वच्छ वाटतं, आता कुठे पिल्लाची शांत झोप कळते, वगैरे वगैरे. मी एकही वाक्य मनाला लावून घेतलं नाही, तेवढी ताकदच नव्हती. आपलं गाव कोणतं, असं इथे कोणी विचारलं की मी विषय बदलते. क्वार्टर दुसऱ्याला दिलं. धुळ्याचा फ्लॅट दादाचा. आबांचं मूळ गाव पिंपळनेरकडे, तिथे मला ओळखणारं कोणी नाही. माझं घर म्हणजे फक्त एक आवाज उरला होता आणि तोही मी माझ्या हातानं पुसला.

परवा आईचा फोन आला. दादाकडून नव्हे, स्वतः लावलेला. भाजीचं झालं, गुडघ्याचं झालं, शेजारणीच्या सुनेचं झालं. मग घुटमळली.

"बाई, ते तुनं पहिलं गानं. आवाजवालं. शे का आजून तुनाजोडे?"

शे, म्हटलं.

"लाव ना मंग एकदाव."

"आई, तुला त्रास होतो गं. मागच्या वेळी..."

"मी झोपसू नही," ती घाईघाईनं म्हणाली. "खरंच नही. जागीच बशी ऱ्हासू. आवाज चालू शे, तवलोंग तुना आबा ड्युटीवरच शेतस."

मी लावलं. फोन स्पीकरजवळ धरून उभी राहिले. संपत आलं की पुन्हा सुरुवातीला नेत होते, आणि पलीकडे ती जागी होती.