फळ्यावरचं इंटरनेट

हीना आतार वेल्ह्याच्या कॉलेजात शिकवायला लागली त्या साली तिथं कॉम्प्युटर होते, 'इंटरनेट : ओळख आणि उपयोग' नावाचा विषय होता, त्या विषयाची परीक्षाही होती. इंटरनेट तेवढं नव्हतं.

ही २००३ सालची गोष्ट. हीना भोरची. तिचे वडील अन्वरभाई यांचा भोरच्या पेठेत टायपिंगचा क्लास होता आणि तालुक्यातले कितीतरी कारकून त्यांच्या हाताखालून गेले होते. टाइपरायटरचे दिवस भरत आलेत हे त्यांना इतरांच्या आधी कळलं. पोरगी बी.एस्सी. झाल्यावर त्यांनी तिला पुण्याला मावशीकडे ठेवलं आणि कॉम्प्युटरचा कोर्स करायला लावला. वेल्ह्यात तिला तासिकेवर काम मिळालं तेव्हा आई गुलजारबी म्हणाली, "एवढ्या लांब डोंगरात? तिथं कोण शिकणार कॉम्प्युटर?"

"तिथंच तर शिकवायला पाहिजे," अन्वरभाई म्हणाले आणि पहिल्या दिवशी तिला एसटीत बसवून द्यायला स्वतः स्टँडवर गेले.

भोरहून चेलाडी, चेलाडीहून दुसरी गाडी. ती चुकली तर माणसं कोंबून नेणारी वडापची जीप. कॉलेजच्या एका खोलीत कॉम्प्युटर ओळीनं मांडलेले होते आणि प्रत्येकाला लाल कापडाचा अभ्रा शिवून घातला होता. आठवड्यातले बरेच दिवस वीज नसायची, म्हणून अभ्रे तसेच राहायचे. फोन प्राचार्यांच्या खोलीत होता आणि त्याला कुलूप होतं. हीनानं फोनची तार कॉम्प्युटरला जोडायचं विचारलं तर ते समजुतीच्या सुरात म्हणाले, "मॅडम, फोन कामासाठी असतो. शिकवायला फळा आहे की."

खूप मागे लागल्यावर एकदाच त्यांनी ऐकलं. लांब वायर खिडकीतून ओढून मोडेम जोडला. मोडेम किंचाळला, घरघरला, पोरं खुदकन हसली. पडद्यावर वरून खाली एक निळी पट्टी हळूहळू उतरायला लागली आणि अर्ध्यावर थांबली. पुढं काही आलंच नाही. उन्हाळ्याच्या अखेरीला वळवाची वीज पडली, तारेवाटे आत आली आणि मोडेम जळला. नवा मागवलाय असं सांगत सांगत ते वर्ष गेलं, पुढचंही गेलं.

मग हीनानं फळा घेतला. रोज आल्या आल्या ती फळ्यावर मोठा चौकोन काढायची. वर पत्त्याची पट्टी, खाली पान, पानात दोन-चार शब्द निळ्या खडूनं लिहून त्यांच्याखाली रेघ.

"इथं क्लिक केलं की काय होतं?"

"नवीन पान उघडतं!" अख्खा वर्ग ओरडायचा.

की ती डस्टरनं फळा पुसायची आणि नवीन पान काढायची. पुढच्या बाकावरच्या पोरींच्या केसांवर खडूची भुकटी बसायची.

निरोप तुकड्यातुकड्यांनी कसा जातो हे सांगायला तिनं एक युक्ती काढली होती. समजा वेल्ह्यातून पुण्याला लग्नाचा संसार पाठवायचाय. सगळा एका गाडीत मावत नाही. मग गाद्या एसटीच्या टपावर, भांडी जीपमधून, कपाट शिवऱ्यावरून जाणाऱ्या टेम्पोत. वाटा वेगळ्या, पण प्रत्येक नगावर पत्ता एकच, आणि पुण्यात पोचल्यावर सगळं पुन्हा एका घरात लागतं. "आन टेम्पो पलटी झाला तर?" एकानं विचारलं. "तर पुण्याहून सांगावा येतो, कपाट मिळालं नाही, पुन्हा पाठवा." वर्ग खूश झाला. परीक्षेत पोरांनी तोच संसार उतरवून काढला. निकाल शंभर टक्के लागला. गॅदरिंगला प्राचार्यांनी माइकवरून सांगितलं, इंटरनेटमध्ये आपलं कॉलेज कुठंही कमी नाही. टाळ्या पडल्या. हीना खुर्चीत खाली मान घालून बसली होती.

तोरण्याच्या पायथ्याच्या एका वाडीतून स्नेहल नावाची मुलगी यायची. पहाटे उठून डोंगर उतरायची तेव्हा तिला गाडी मिळायची. एकदा तास संपल्यावर ती टेबलापाशी घुटमळली.

"मॅडम, रागावणार न्हाई ना? तुमी फळ्यावर काढता ते खरंच तसंच असतंय का?"

"तसंच असतं."

"न्हाई, माझा इस्वास हाय. पर आमी नुसतं पाठ करतोय. बघितलं न्हाई कुणीच." मग हळूच म्हणाली, "पुण्यात नर्सिंगला कसं जायाचं, त्ये असतंय का त्यात?"

"असतं," हीना म्हणाली. दोन वर्षं आपण या मुलांना नक्की काय देतोय, हा प्रश्न तिनं तोवर स्वतःला विचारायचं टाळलं होतं.

दिवाळीनंतर तिनं वर्गाला भोरला आणलं. स्टँडजवळ एका दुकानाच्या माडीवर पप्पू नावाच्या तरुणाचं सायबर कॅफे होतं. प्लायवूडचे कप्पे, प्रत्येकाला जाड पडदा. गावात या पडद्यांबद्दल बरंवाईट बोललं जायचं, पण दुसरं कॅफे नव्हतं. पोरं जिना चढली, पहिल्या काहींनी माउस धरला, आणि वीज गेली. लोडशेडिंगची वेळ बदलली होती, ते कुणाला ठाऊक नव्हतं. इन्व्हर्टर थोडा वेळ टिकला. मग सगळी माडीवर अंधारात बसून राहिली, भेळ खाल्ली आणि परतीची गाडी चुकायला नको म्हणून उठली. स्नेहलची पाळी आलीच नाही.

"रविवारी ये," हीनानं तिला सांगितलं. "मी असते तुझ्यासोबत."

रविवारी स्नेहल आली. हीनानं तिला पप्पूच्या टेबलाजवळच्या कप्प्यात बसवलं आणि पडदा पूर्ण बाजूला सारला. स्नेहलनं एका बोटानं 'नर्सिंग' टाइप केलं. पान उघडलं. पुण्यातल्या कॉलेजांची नावं आली, बारावीला किती टक्के लागतात ते आलं, हॉस्टेलचा फोटो आला. ती फोटोकडे बराच वेळ बघत राहिली. मग तिनं विचारलं, "मॅडम, ह्ये सगळं कवापासून हाय?"

"झाली बरीच वर्षं."

"आन आमाला कुणी सांगितलंच न्हाई."

हीनानं घड्याळ बघितलं.

गाडीची वेळ झाली. पप्पूच्या एका मशीनवर मराठी अक्षरं नीट उमटत नव्हती, ते बघून द्या म्हणून त्यानं हीनाला थांबवलं. "तू हो पुढं, गाडी चुकेल," असं तिनं स्नेहलला सांगितलं. स्नेहल एकटीच जिना उतरली. खाली रस्त्याच्या पलीकडे तिचा चुलता भिमा वडापची जीप लावून गिऱ्हाइकाची वाट बघत होता.

सोमवारी स्नेहल कॉलेजला आली नाही. मंगळवारीही नाही. तिच्या वाडीच्या दुसऱ्या मुलीनं सांगितलं, "तिला बंद केलीया, मॅडम. आता न्हाई यायची."

हीना वाडीवर गेली. घराच्या ओसरीवर स्नेहलचे वडील सावळाराम बसले होते, शेजारी भिमा. आई धोंडाबाईनं घोंगडं अंथरलं. स्नेहलनं आतून पाणी आणलं, तांब्या ठेवला आणि वर न बघता आत गेली.

"मी तिच्यासोबत होते," हीनानं बसल्या बसल्या सांगितलं. "मीच बोलावलं होतं तिला. मी आतच होते."

"म्या एकलीच बघितली," भिमा म्हणाला. "त्या पडदेवाल्याच्या माडीवरनं उतरताना. जीपमधली मानसं बी बघत हुती."

"पडदा उघडा होता, भिमाभाऊ."

"रस्त्यावरनं कसा दिसंल?"

सावळारामांनी हातानं त्याला थांबवलं. माणूस तापट नव्हता. "बाई, तुमी खोटं बोलत न्हाई, ठावं हाय मला. माझा पोरीवर बी इस्वास हाय. पर माझ्या एकट्याच्या इस्वासावर तिचं लगीन व्हणार न्हाई. तुमी आत हुता, ती भायेर. गावानं भायेरचं बघितलं."

"मी गावाला सांगते. चावडीवर येऊन सांगते."

"काय सांगाल?"

"की ती शिकायला आली होती."

"काय शिकायला? आमाला तर सांगा आधी. काय असतंय त्यात?"

हीनानं सांगायला सुरुवात केली. वर्गात जे तिला इतकं सोपं करून सांगता यायचं ते सगळं तिनं सांगितलं. जगातले कॉम्प्युटर तारांनी जोडलेले असतात, एकाजवळची माहिती दुसऱ्याला दिसते, पोरीला नर्स व्हायचंय, त्याची माहिती त्यात आहे. तिघांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. कुणी मध्ये बोललं नाही, कुणी हसलंही नाही. बोलता बोलता हीनाला स्वतःचेच शब्द पोकळ वाटायला लागले.

ती थांबल्यावर धोंडाबाई म्हणाली, "बाई, आमी अडाणी. पर त्ये हितं आणून दावता यील का? येकदा दावा. मी सोता समद्या बायांना गोळा करते. दिसलं म्हंजे मग कुणी काय बोलायचं न्हाई."

तिच्या आवाजात कुचेष्टा नव्हती. तिला खरंच मार्ग हवा होता.

"इथं नाही आणता येत," हीना म्हणाली. "कॉलेजातसुद्धा नाही."

"कॉलेजात बी न्हाई?" सावळारामांनी विचारलं.

"नाही."

"मग तुमी शिकवता कशावर?"

"फळ्यावर."

सावळाराम उठले. "अंधार पडायच्या आत खाली उतरा, बाई. भिमा सोडील गाडीपतुर."

भिमानं तिला जीपनं सोडलं. वेल्ह्यात उतरवताना म्हणाला, "म्या काय वाईट मनानं सांगितलं न्हाई, बाई. जीपमधल्यांनी माझ्या आधी सांगितलं असतं." हीनाला त्याचा राग यायला हवा होता. तोही आला नाही.

प्राचार्यांनी तिला बोलावून सहलीला परवानगी कुणाची होती ते विचारलं. "यापुढं मुलींना घेऊन कुठं जायचं नाही. जे आहे ते वर्गात." तिनं मान हलवली. पुढच्या वर्षी इंटरनेटला पोरी आल्याच नाहीत. त्यांनी गृहविज्ञान घेतलं, मराठी घेतलं. मुलगे होते, पण हीना आता पान उघडायला फळा पुसायची तेव्हा पूर्वीसारखा आवाज उठायचा नाही, की तिलाच तो ऐकू येत नव्हता, कोण जाणे. घरी तिच्यासाठी स्थळं बघणं सुरू झालं होतं. अन्वरभाईंचा क्लास बंद झाला होता आणि ते दिवसभर खिडकीशी बसून असायचे. कॉलेज कसं चाललंय असं त्यांनी विचारलं की ती "चांगलं" म्हणायची.

वैशाखात स्नेहलचं लग्न झालं. हीनाला आमंत्रण नव्हतं.

पुढं कॉलेजात खरंच ब्रॉडबँड आलं. तेव्हा संस्थेनं सगळं काम बाहेरच्या एका कंपनीला दिलं आणि त्यांनी स्वतःची माणसं आणली. हीनाला जूनमध्ये बोलावणं आलं नाही. चौकशी केली तर कळलं, तुमचा अनुभव थिअरीचा आहे. ती शिवऱ्याजवळच्या एका गोदामात लागली. आलेल्या मालाचे आकडे कॉम्प्युटरवर चढवायचे, संध्याकाळी घरी. तिथं कुणाला काही शिकवायचं नव्हतं.

एकदा एका नातेवाइकाच्या मयतीला जाऊन साताऱ्याकडून परत येताना सारोळ्याला गाडी बिघडली. सगळे उतरले. पुलाजवळच्या चहाच्या हॉटेलात हीना शिरली तर चुलीशी स्नेहल उभी होती. डोक्यावर पदर, कडेवर मूल. गल्ल्यावर सासू.

दोघींची नजरानजर झाली. हीनाचा हात उठला.

"कोण गं?" सासूनं विचारलं.

स्नेहलनं कडेवरचं मूल सावरलं. मग ती म्हणाली, "भोरच्या हायेत. आमच्या गावाकडं यायच्या कवा कवा."

"काय काम हुतं तिकडं?" सासूनं सहज हीनाला विचारलं.

स्नेहल चहा गाळत होती. तिचा हात थांबला होता. स्नेहल कॉलेजात होती, भोरला माडीवर गेली होती, हे या घरात कुणाला ठाऊक नाही, हे हीनाला त्या थांबलेल्या हातावरून कळलं.

"बांगड्या विकायचे," हीना म्हणाली.

"अगं बया, मग आता न्हाई आणल्या व्हय?"

"आता सोडलं ते."

स्नेहलनं कप समोर ठेवला. चहा गरम होता, हीनानं तो तसाच घाईघाईनं पिऊन टाकला आणि बाहेर येऊन हायवेच्या कडेला इतर उतारूंच्यात उभी राहिली. दुसरी एसटी आली तेव्हा तिला बसायला जागा मिळाली नाही. कापूरहोळपर्यंत ती दांडीला धरून उभी होती, आणि शेजारच्या बाईनं "बरं वाटत न्हाई का, ताई?" असं विचारलं तेव्हा, डोळ्यात धूळ गेली, एवढंच म्हणाली.